श्रवणयंत्राचे पहिले तीन महिने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन आणि पाठोपाठ येणारी दिवाळी, या दिवसांत श्रवणयंत्रांच्या सवलतींच्या जाहिराती वाढतात. आई-वडिलांसाठी कानाचे मशीन घेण्याचा विचार अनेक घरांत याच सुमारास होतो. मशीन येते, चार दिवस कानात राहते आणि संक्रांत येईपर्यंत डबीत परत जाते. मग घरात सांगितले जाते, "बाबांना मशीन सूट झालं नाही." आम्ही श्रवणतपासणी आणि यंत्रजोडणीच्या कामातली माणसे आहोत. खरोखर सूट न होणारे मशीन आमच्या कामात क्वचित सापडते. अपुरी मोजणी, कानात बसणारा चुकीच्या मापाचा डोम (सिलिकॉनची टोपी), कधीच न झालेली दुसरी भेट आणि मशीन केवळ लग्नाकार्यापुरते घालण्याची सवय, ही कारणे मात्र सतत सापडतात. ती सगळी दुरुस्त होण्याजोगी आहेत, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

वयोमानाने ऐकू कमी येते तेव्हा सगळा आवाज सारखा मंद होत नाही. आतल्या कानातल्या शंखाकृती भागात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. त्यांपैकी उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. स, श, फ, थ, ठ, ख, च यांची ओळख पटवणारा भाग साधारण २००० हर्ट्‌झच्या वर असतो, तो गळतो. त्यामुळे बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. 'सात' की 'साठ', 'वीस' की 'तीस', 'फूल' की 'पूल' हे अंदाजाने ठरवावे लागते. औषधाच्या वेळा आणि रिक्षाचे पैसे याच ठिकाणी गोंधळ होतो. घरचे ओरडून बोलतात तेव्हा स्वरच मोठे होतात, हरवलेली व्यंजने परत येत नाहीत. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच, कधी त्याहून जास्त, टोचतो. ऐकू येऊ लागणे आणि सहन न होणे यांतले अंतर कमी झालेले असते. "हळू बोललं तर ऐकत नाहीत, मोठ्यानं बोललं तर ओरडू नकोस म्हणतात," ही घराघरांतली तक्रार इथून येते. त्यात म्हाताऱ्या माणसाचा हेकेखोरपणा नसतो. चांगले डिजिटल मशीन याच अरुंद पट्ट्यात आवाज बसवते. हळू आवाज जास्त वाढवते, मध्यम थोडा वाढवते आणि मोठा जवळजवळ तसाच सोडते. प्रत्येक पट्टीला किती वाढ द्यायची ते त्या माणसाच्या कानाच्या मोजमापावरून ठरते. म्हणून शेजाऱ्यांचे जुने मशीन, किंवा परदेशातून मुलाने कान न तपासता आणलेले मशीन, तसेच घालणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणे आहे.

मशीनच्या आधी कानाचा डॉक्टर. कानात मळाचा बोळा असेल तर तपासणीच चुकते. एकाच कानाने कमी ऐकू येणे, कानातून पाणी किंवा पू येणे, दुखणे, चक्कर, किंवा एकाच कानात सतत आवाज, यांपैकी काही असेल तर आधी निदान व्हावे. एका-दोन दिवसांत अचानक ऐकू येणे कमी झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्यावर उपचार असतात, पण त्यांचा सर्वाधिक उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो. असा माणूस "मशीन घेऊ निवांत" म्हणत थांबला तर त्याचे कायमचे नुकसान होऊ शकते.

तपासणीचा कागद, म्हणजे ऑडिओग्राम, पाहायला शिकावे. ऑडिओग्रामवर आडवे २५० ते ८००० हर्ट्‌झ असते आणि उभे डेसिबल. उजव्या कानासाठी लाल गोल खुणा असतात, डाव्यासाठी निळ्या फुल्या. हवेतून आणि कानामागच्या हाडातून, अशा दोन्ही मार्गांची मोजणी झालेली असावी. पण एवढ्यावर मशीन बसवू नये. साध्या शब्दांची यादी ऐकवून, माणूस ऐकलेला शब्द किती वेळा बरोबर म्हणतो, ते टक्क्यांत काढले जाते. ही यादी मराठी माणसासाठी मराठीतच हवी. पुरेशा मोठ्या आवाजातही निम्म्याहून कमी शब्द कळत असतील, तर मशीनकडून किती अपेक्षा ठेवायची हे पैसे भरण्याआधी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. आणि कुठला आवाज असह्य होतो तो बिंदूही मोजला पाहिजे. तो न मोजता बसवलेल्या मशीनमध्ये कुकरची शिट्टी झाली की माणूस मशीन काढून ठेवतो. तपासणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी आवश्यक आहे. ऑनलाइन दीड-दोन हजारांना मिळणारी 'आवाज वाढवणारी' यंत्रे या मोजणीशिवाय सगळेच सरसकट मोठे करतात. ती श्रवणयंत्राच्या जागी घेऊ नयेत.

दोन्ही कानांना कमी ऐकू येत असेल तर शक्यतो दोन मशीने घ्यावीत. आवाज कुठल्या बाजूने आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो. पुण्यातला कर्वे रस्ता ओलांडताना ही जाण जिवाची असते. गलबल्यात शब्द वेगळे काढायलाही दोन कान लागतात. बजेट ठरलेले असेल तर एक महागडे घेण्यापेक्षा मध्यम किमतीची दोन बरी, असे आमचे मत आहे. चॅनलची, म्हणजे मशीन आवाजाचे जेवढ्या पट्ट्यांत भाग करून वेगवेगळे वाढवते त्यांची, संख्या वाढली की किंमत वाढते, पण शांत घरात दोन-तीन माणसांशी बोलणाऱ्या आजींना त्यातले बरेच लागत नाही. तेच पैसे पुढच्या भेटी, सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठी हाताशी असलेले बरे.

आता बसवण्याविषयी. हल्ली बहुतेकांना कानामागे बारीक मशीन आणि पातळ वायरने कानात जाणारा छोटा स्पीकर, असा प्रकार दिला जातो. स्पीकरच्या टोकाला सिलिकॉनची टोपी असते, तिला डोम म्हणतात. खालच्या पट्टीचे ऐकणे चांगले असेल तर भोकांचा उघडा डोम चालतो. कमी ऐकू येण्याचे प्रमाण जास्त असेल तर बंद डोम किंवा कानाचे माप घेऊन केलेला साचा लागतो. डोम लहान पडला तर शिट्टी येते आणि मोठा पडला तर कान दुखतो. डोम पुरेसा आत गेला की वायर गालाच्या बाजूला चिकटून बसते. ती बाहेर कमानीसारखी दिसत असेल तर डोम आत गेलेला नाही. साचा घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, म्हणजे वाट सरळ होते. लाल खूण उजवी, निळी डावी. बोटांना कंप असेल किंवा नजर अधू असेल तर अगदी छोटे, कानाच्या आत दडणारे मशीन घेऊ नये. ते दिसत नाही म्हणून आवडते, पण त्याचा सेल बदलताना दर वेळी घरच्यांची वाट पाहावी लागते.

सेटिंग झाल्यावर कानात, पडद्याच्या जवळ, एक पातळ नळी ठेवून मशीनमधून प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो ते मोजता येते. हळू, मध्यम आणि मोठे बोलणे, साधारण ५०, ६५ आणि ८० डेसिबल, अशा तीन पातळ्यांवर ही मोजणी होते. प्रत्येकाच्या कानाच्या नळीचा आकार वेगळा असल्यामुळे संगणकाने सुचवलेले आकडे आणि कानात पोहोचणारा आवाज यांत बराच फरक पडू शकतो. ही सोय सगळीकडे नाही. जिथे आहे तिथेच मशीन बसवून घ्यावे, असा आग्रह ग्राहकांनी धरला तर ती वाढेल.

पहिल्या आठवड्याबद्दल मात्र जाहिरातीत काही नसते. मशीन घातल्यावर पंख्याची घरघर, फ्रीजचा हुंकार, वर्तमानपत्राची सळसळ, स्वतःच्या चपलांचा आवाज, नळाचे पाणी, ताटावर पडलेला चमचा हे सगळे एकदम अंगावर येते. वर्षानुवर्षे हे ध्वनी मेंदूपर्यंत पोहोचलेले नसतात. कुठला आवाज महत्त्वाचा आणि कुठला सोडून द्यायचा ही निवड मेंदू करतो, आणि ती सवय मोडलेली असते. ती परत बसायला आठवडे लागतात, काहींना तीन-चार महिने. लोकांना सुरुवातीला मशीन 'पत्र्यासारखे' वाटते, त्याचे कारणही हेच. वरच्या पट्टीचे ध्वनी परत आलेले असतात आणि ते परके वाटतात. म्हणून बहुतेक ठिकाणी सुरुवातीला गरजेपेक्षा थोडी कमी वाढ दिली जाते आणि पुढच्या भेटींत ती चढवली जाते. दुसरी भेट चुकवलेला माणूस त्या अपुऱ्या सेटिंगवरच अडकतो आणि म्हणतो की मशीनने काही फरक पडला नाही.

ज्याला जमेल त्याने पहिल्या दिवसापासून दिवसभर घालावे. जमत नसेल त्याने पहिले चार-पाच दिवस सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, घरातच. खोलीत एकच माणूस, मीटरभर अंतरावर, समोर बसून. टीव्ही बंद. रोज दहा-पंधरा मिनिटे वर्तमानपत्र स्वतः मोठ्याने वाचावे, म्हणजे आपला आवाज ओळखीचा होतो. मग दुसऱ्याने वाचावे आणि आपण मजकुरावर बोट ठेवून ऐकावे. डोळ्याला दिसणारा शब्द आणि कानाला येणारा ध्वनी यांची गाठ परत बसते. दुसऱ्या आठवड्यात दोघांशी गप्पा, बातम्या, सोसायटीच्या आवारात फेरी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वयंपाकघर, बाग, दुकान. मंडई, स्वारगेटचे बसस्थानक आणि मंगल कार्यालय त्यानंतर. महिनाअखेर दिवसाला आठ-दहा तास व्हायला हवेत. मशीन किती तास चालू होते याची नोंद बहुतेक डिजिटल मशीनमध्येच होते आणि पुढच्या भेटीत ती संगणकावर दिसते. रोजचे तास दोनवर अडकलेले दिसले तर रागवायचे नसते, अडचण कुठली ते शोधायचे असते. बहुतेक लोक उलटे करतात. घरात मशीन काढून ठेवतात आणि पहिल्यांदा थेट लग्नात घालतात. सनई, लाऊडस्पीकर, तीनशे माणसांचा कल्ला, ताटवाट्यांचा खणखणाट! सवय झालेल्या कानालाही ते जड जाते. तिथे नव्या माणसाने मशीनवर विश्वास ठेवावा तरी कसा?

स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा घुमतो, ही दुसरी मोठी तक्रार. तिची दोन कारणे असतात आणि ती घरीच वेगळी करता येतात. मशीन कानात ठेवूनच बंद करावे आणि लांबवर 'ई' म्हणावे. तेव्हाही घुमत असेल तर कान बुजल्यामुळे हाडांतून आलेला खालच्या पट्टीचा आवाज आत कोंडतो आहे. त्यावर उघडा डोम किंवा साच्याचे हवेचे भोक मोठे करणे हा इलाज आहे. आवाजाची पातळी कमी करून ते जात नाही. बंद केल्यावर घुमणे थांबत असेल तर खालच्या पट्टीची वाढ जास्त झाली आहे, ती सेटिंगमध्ये कमी होते.

दुसऱ्या भेटीला, साधारण दोन आठवड्यांनी, जाताना तक्रारी लिहून न्याव्यात. "बरोबर वाटत नाही" एवढ्यावर समोरच्या माणसाला काही करता येत नाही. कुठे, कोणाचा, कुठला आवाज, हे लिहावे. भांडी टोचतात असे लिहिले तर वरच्या पट्टीतल्या मोठ्या आवाजांची मर्यादा खाली आणता येते. पुरुषांचे बोलणे कळते पण सुनेचे किंवा नातवंडांचे कळत नाही म्हटले तर वरच्या पट्टीतली हळू आवाजांची वाढ पाहतात. सगळेच लांबून आल्यासारखे वाटते, तर एकूण पातळी किंवा स्पीकरच्या तोंडाशी साचलेला मळ. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी भेट असावी. ऑडिओग्राम वर्षातून एकदा. या भेटी किमतीत धरल्या आहेत की वेगळे पैसे पडणार, हे बिलावर लिहून घ्यावे. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, तेही बिलात पाहावे.

शिट्टीबद्दल बहुतेकांचा समज असा की मशीन बिघडले. मशीनमधून कानात गेलेला आवाज बाहेर गळून परत मायक्रोफोनमध्ये शिरला की शिट्टी येते. हात, उशी, हेल्मेट किंवा मिठी मारणाऱ्या नातवाचे डोके कानाजवळ आले की क्षणभर येणारच. बसल्या जागी सतत येत असेल तर क्रमाने पाहावे. डोम नीट आत गेला आहे का, कानात मळ आहे का, साच्याची नळी पिवळी पडून कडक झाली किंवा चिरली आहे का, वजन घटल्यामुळे साचा सैल झाला आहे का. नळी तीन ते सहा महिन्यांनी बदलावी लागते. शिट्टी जावी म्हणून आवाज कमी करून घेणे हा सर्वांत वाईट उपाय. त्याने शिट्टी जाते आणि शब्दही जातात.

मशीन अचानक मुके झाले तर दुकान गाठण्यापूर्वी पाच मिनिटे द्यावीत. सेल बदलून पाहावा, सेलचे दार पूर्ण बंद आहे का ते पाहावे. मग स्पीकरच्या तोंडावरची मळाची जाळी पाहावी. बारीक पांढरी जाळी, सोबत मिळालेल्या काडीच्या एका टोकाने जुनी निघते आणि दुसऱ्या टोकाने नवी बसते. ती मळाने भरली की मशीन मेल्यासारखे वाटते. आमच्याकडे 'बंद पडले' म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये हे कारण नेहमीचे. जाळीत सुई किंवा टाचणी घालू नये. कानात डोम सुटून राहिला तर तो काडीने काढायला जाऊ नये, तो आणखी आत जातो. कानाच्या डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

सेलचे चार आकार असतात आणि त्यांवर चिकटवलेल्या पट्ट्यांचे रंग ठरलेले आहेत. १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. वरची पट्टी काढली की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. म्हणून पट्टी काढल्यावर निदान मिनिटभर, जमल्यास तीन-चार मिनिटे, सेल उघडा ठेवून मग मशीनमध्ये घालावा. लगेच घातला तर लवकर संपल्यासारखा वाटतो. पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही, आणि फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नये. १० नंबरचा सेल पाच-सात दिवस, ६७५ चा दोन आठवड्यांच्या पुढे, असा ढोबळ अंदाज. वापरलेला सेल नातवंडांच्या हाती लागू देऊ नये. मुलाने गिळला तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. चार्जिंगच्या मशीनला रात्री तीन-चार तास पुरतात, पण चार्जरमध्ये ठेवल्यावर दिवा लागला की नाही हे पाहूनच झोपावे. संपर्काच्या धातूच्या टिकल्यांवर घामाचा थर बसला की चार्जिंग होत नाही. कोरड्या कापडाने रोज पुसावे.

पुण्याच्या पावसाळ्यात मशीनचा खरा शत्रू ओल असते. जून ते सप्टेंबर रोज रात्री मशीन सिलिका जेलच्या झाकणबंद डबीत ठेवावे. सेल आधी बाहेर काढावा, नाहीतर जेल सेलही सुकवते. दाणे निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवे झाले की जेल भरली, ती बदलावी. आंघोळ, अभ्यंगस्नान, डोक्याला तेल लावणे, केस रंगवणे, पावडर, या सगळ्यांच्या आधी मशीन काढावे. तेल मायक्रोफोनच्या भोकांत गेले की आवाज बुजतो. साचा मशीनपासून सोडवून कोमट साबणाच्या पाण्यात धुता येतो आणि रात्रभर वाळवावा लागतो. वायरच्या टोकाचा स्पीकर मात्र कधीही धुऊ नये, कोरड्या मऊ ब्रशने तोंड खाली धरून झाडावा.

दुचाकीच्या या शहरात आणखी काही गोष्टी. हेल्मेट घालताना-काढताना मशीन ओढले जाऊन रस्त्यावर पडते, म्हणून मशीन आधी काढावे किंवा बारीक दोरीने कॉलरला अडकवावे. चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळलेला स्कार्फ मायक्रोफोनवर घासला की खरखर होते. चष्मा आधी लावावा, मशीन नंतर. मास्क काढताना कानावरची इलॅस्टिक सरळ पुढे न ओढता हाताने मशीन धरून उचलावी.

फोनचा स्पीकर आपण सवयीने कानाच्या भोकावर धरतो. कानामागच्या मशीनचा मायक्रोफोन कानाच्या वर असतो, म्हणून फोन थोडा वर आणि मागे सरकवावा. ब्लूटूथ असेल तर दोन्ही कानांत आवाज येतो आणि टीव्हीचा आवाजही घरच्यांना बधिर न करता ऐकता येतो. अंतर मात्र कुठलेच मशीन जिंकत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने खाली येतो. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात हाक मारलेली कळत नाही, ती यामुळे. हॉटेलात बसताना पाठ गोंगाटाकडे आणि तोंड बोलणाऱ्याकडे असावे, कारण मशीनचे मायक्रोफोन समोरचे जास्त पकडतात. संगीताची बैठक ऐकायची असेल तर मशीनमध्ये संगीतासाठी वेगळे सेटिंग करून घ्यावे. बोलण्यासाठी केलेली गोंगाट-कपात तानपुऱ्याचा अखंड सूर गोंगाट समजून कापू पाहते. सवाई गंधर्व महोत्सवाच्या आधी एवढे एक काम करून घेतले तर बराच फरक पडतो. विसर्जनाच्या ढोल-ताशापासून मात्र लांबच राहावे. मशीनला आवाजाची कमाल मर्यादा असते, पण उघड्या डोममधून बाहेरचा आवाज थेट आत जातो.

घरच्यांना एक विनंती. आधी नाव घ्यावे, "आई," म्हणून थांबावे, चेहरा दिसेल असे समोर यावे आणि मग नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश बोलावे. कळले नाही तर तेच वाक्य चढ्या आवाजात परत म्हणण्यापेक्षा शब्द बदलावेत. "जाऊ दे, काही नाही," असे म्हणू नये. गप्पांतून बाहेर पडायला माणसाला तेवढे पुरते, आणि मशीन घालण्याचे कारणही संपते.

खर्चाबद्दल. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांपर्यंत असलेल्या व्यक्तीला साधनांसाठी एकदा ३,००० रुपये थेट बँकेत मिळतात. यादीत श्रवणयंत्र आहे, पण या रकमेत कानाच्या मोजमापाप्रमाणे बसवलेले डिजिटल मशीन येत नाही. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून आणि राष्ट्रीय वयोश्री योजनेतून प्रत्यक्ष यंत्र मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदिव्यांग ठरण्यासाठी दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून अधिक घट धरली आहे. ४५-५० डेसिबलची घट असलेल्या ज्येष्ठांची मोठी संख्या त्याबाहेर राहते, आणि मशीनचा सर्वाधिक फायदा होणारी माणसे नेमकी हीच असतात. शिबिरांत यंत्रे वाटली जातात तेव्हा त्याच माणसांना दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी परत बोलावण्याची व्यवस्था त्याच खर्चात धरली पाहिजे. धनकवडीतील भारती विद्यापीठात श्रवण आणि वाचा विषयाचे महाविद्यालय आहे. अशा संस्थांच्या मदतीने वॉर्डनिहाय फेरतपासणी लावणे महापालिकेला अवघड नाही.

ज्येष्ठ नागरिक संघांना आणि सभागृहांच्या चालकांनाही सुचवावेसे वाटते. वक्त्याने माइक तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा, हातात घेऊन हलवू नये. लाऊडस्पीकर मोठा करण्याऐवजी पंखे आणि वातानुकूलन यंत्राची घरघर कमी करावी. पहिल्या दोन रांगा कमी ऐकू येणाऱ्यांसाठी राखाव्यात, वक्त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असा दिवा लावावा आणि प्रश्नोत्तरांत प्रेक्षकाचा प्रश्न माइकवर पुन्हा सांगावा. बँका आणि रुग्णालयांत क्रमांक पुकारण्यासोबत फलकावरही दाखवावा, आणि काचेमागच्या कर्मचाऱ्याने मान खाली घालून बोलू नये.

आपले,
श्रवणतपासणी व यंत्रजोडणीच्या क्षेत्रात काम करणारे काही जण, पुणे